डावखुऱ्याचं यंत्र

३ मार्च

खेळायला परवानगी मिळाली. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आज तपासणीनंतर स्वतः सांगितलं. बॅडमिंटन चालेल, दुहेरी चालेल, दम लागला की थांबायचं. छातीतलं यंत्र नीट काम करतंय. हृदय भलत्याच वेगानं सुटलं तर ते झटका देईल, घाबरायचं नाही.

मग म्हणाल्या, "फक्त यंत्र ज्या बाजूला आहे तो हात जोरात डोक्यावर न्यायचा नाही. वायरवर ताण येतो. वायर तुटली तर यंत्र फसतं, गरज नसताना झटका देतं. पण तुम्हाला काय! डाव्या बाजूला बसवलंय, तुम्ही उजवे."

मी लिहितो उजव्यानं. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून पेन्सिल उजव्या हातात दिली. रॅकेट कुणी काढून घेतली नाही. तीस वर्षं डाव्या हातानं खेळतोय!

हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी फाईल पुन्हा उघडली. "आधी कळलं असतं तर पलीकडे बसवलं असतं. आता काढून हलवायचं म्हणजे पुन्हा चिरफाड, पुन्हा जंतूंची भीती. खेळासाठी मी ते करणार नाही."

आणि खरंय त्यांचं. मीही केलं नसतं.

४ मार्च

हिला विचारलं. यंत्र बसवलं त्या दिवशी मी बेशुद्ध. बाहेर ही आणि साडू, दोघंच होते. कोणत्या हाताचा माणूस, हे कुणी सांगितलं?

"मला काही आठवत नाही हो. सह्या करत होते नुसत्या. मीच म्हणाले असेन उजवा. रोज तुम्हाला लिहितानाच बघते ना."

जेवताना म्हणाली, "असं गप्प बसण्यापेक्षा ओरडा एकदाचे."

ओरडलो नाही.

७ मार्च

साडूचा फोन. तीस वर्षं माझा दुहेरीतला जोडीदार. लग्नं नंतर झाली, तीही एकाच घरातल्या दोघी बहिणींशी. लोक म्हणायचे, यांनी सासरसुद्धा जोडीनं जिंकलं. कोर्टावर पडलो तेव्हा त्यानंच छाती दाबली. दोन बरगड्या मोडल्या, पण जीव राहिला.

परवानगीचं सांगितलं. तो म्हणाला,

"आता कॅरम खेळू या की. तिथं पडलास तर निदान खुर्चीतून पडशील."

"तू येतोस का कोर्टावर?"

"गुडघा रे."

गुडघा तेव्हापासूनच दुखतोय. मी पडलो तेव्हापासून.

१० मार्च

उजव्या हातात रॅकेट धरली. परक्या माणसाशी हात मिळवल्यासारखं वाटलं.

१४ मार्च

नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका. सांधे धरू नयेत म्हणून येतात. माझ्या पहिल्या चार सर्व्हिस जाळीत गेल्या. पाचवी त्यांच्या चष्म्यावर.

"पूर्वी खेळला आहात का कधी?"

"थोडंफार."

"वाटत नाही!"

हसलो. घरी येऊन बराच वेळ बूट काढले नाहीत. सगळं कळतं - शटल कुठं पडणार, पाय कुठं हवा. फक्त हात ऐकत नाही. काही येत नसतं तर सोपं गेलं असतं.

१९ मार्च

पेपरच्या कचेरीत एका धावपटूची बातमी आली. दुखापतीनंतर परतलाय. 'दमदार पुनरागमन' असा मथळा. 'दमदार' काढलं. मग 'पुनरागमन'ही काढलं. 'धावला, पाचवा आला' ठेवलं. उपसंपादक म्हणाला, "साहेब, फारच कोरडं होतंय." पान वेळेत छपाईला सोडलं.

२६ मार्च

आज घात होणार होता. मुख्याध्यापिकाबाईंनी उंच शटल दिलं आणि काय झालं कळलं नाही - रॅकेट डाव्या हातात, हात वर, फटका! शटल रेषेवर पडलं. सुंदर. पूर्वी पडायचं तसंच.

मग तसाच उभा राहिलो. झटक्याची वाट बघत. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

झटका आला नाही.

"खाली आणा तो हात," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणत असतील तशा. आणला.

हिला सांगितलं नाही. आमच्यात आता भाजी, बिल, गॅस एवढंच बोलणं. आज मात्र दारात थांबून म्हणाली, "एक शब्द चुकले असेन मी. त्याची शिक्षा किती दिवस?"

"शिक्षा कसली," म्हणालो आणि पेपर उघडला. कालचा होता.

२९ मार्च

डावा खांदा दुखतोय. स्नायू की वायर, कळत नाही. उद्या तपासायला बोलावलंय. हिनंच फोन करून वेळ घेतली.

३० मार्च

वायर शाबूत. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली. पुन्हा तो हात वर गेला तर परवानगी बंद, हेही त्यांनीच सांगितलं. परत येताना गाडीत ही रडली. मी सिग्नलकडे बघत बसलो.

२ एप्रिल

दुपारी साडू आला. बसला नाही. पाण्याचा ग्लास हातात तसाच. हिच्या बहिणीनं म्हणे त्याला काल समोर बसवलं आणि विचारलं, माझी ताई किती दिवस सोसणार?

"नर्सनं तुझ्या बायकोला विचारलंच नव्हतं. मला विचारलं. लिहितात कोणत्या हातानं? उजव्या. मग म्हणाली, खेळबिळ खेळतात का? त्या हाताची बाजू सोडून यंत्र बसवतात. कोणत्या हातानं?"

ग्लास खाली ठेवला.

"त्यालाही उजवा म्हणालो. मुद्दाम. तू मेला होतास रे माझ्या हाताखाली. परत कोर्टावर यायला नको होतास मला."

तो म्हणाला, रविवारी सातला येतो, रॅकेट घेऊन. तू म्हणशील त्या हातानं खेळू. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

ही बाजारात गेली आहे. एवढ्यात येईल.