सतरा नंबरची सही

३ मार्च, सोमवार

दुपारी पोलीस स्टेशनचा जमादार आला. मी अंगणात मिरच्या वाळू घालून राह्यलती. गठ्ठाच हातात देला. म्हणे बाई, तेवीस नोटिसा आहेत, वस्तीत तुमीच वाटून द्या, मी कुठं उन्हात दारोदार हिंडू. चहा पेला आन गेला.

रस्ता रोकोचा गुन्हा. सोलर कंपनीले देलेल्या गायरानासाठी हायवेवर घंटाभर बसलो त्याचा. अॅम्ब्युलन्स आली तवा सगळ्या बाया उठून बाजूले झाल्या, हे कुठंच लिहिलं नाही.

नावं वाचाले लागली. एक नंबर मी, दोन सुमन, तीन पारबता. आदल्या दिवशी तहसीलले निवेदन देलतं, त्याले जोडलेली सह्यांची यादी पोलिसानं जशीच्या तशी उतरून घेतली. रस्त्यावर कोण होतं, कोण नव्हतं, कोणी पाह्यलंच नाही. ताकत दिसावी म्हणून यादी आपणच जोडतो, वर शिक्क्याची पोच घेतो, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. आयतंच देलं त्याईले.

सतरा नंबर शीतल. सुमनची पोरगी. तेवढा कागद मी डब्यात ठेवला. बाकीचे संध्याकाळच्या आत वाटले.

४ मार्च

लिहून टाकतो म्हटलं की हात थांबते. पण इथं नाही लिहिणार तर कुठं.

शीतल त्या दोन्ही दिवशी अमरावतीले होती, दवाखान्यात, ड्यूटीवर. तिले निवेदनाचं माहीतही नाही. सही मी केलती.

अंगणवाडीत तीस वर्सं काढली. आहाराचं पाकीट घरी पोचवाचं, माय वावरात गेली असली तर रजिस्टरवर तिची सही आपणच ठोकाची. पाकीट तर पोचलं ना, मंग झालं. सुपरवायझर बाईही म्हणत, रकाना कोरा नको. दोन वर्सं झाली रिटायर होऊन, पण हाताची सवय काही रिटायर झाली नाही. शिवाय मनात आलं, एक शिकलेलं नाव असलं की निवेदनाले वजन येते. नावापुढं बी.एस्सी. नर्सिंग असंही लिहिलं. मोठ्या कौतुकानं. याच पोरीले मी पाटीवर अ काढाले शिकवलं.

६ मार्च, गुरुवार

सुमन पेढे घेऊन आली. शीतलचं सरकारी नर्सच्या यादीत नाव लागलं. आता फक्त कागदपत्रं आन पोलिसाची चारित्र्य पडताळणी, म्हणे मंग ऑर्डर. सुमनच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं इतकी खुश. वस्तीतली पह्यली पोरगी.

पेढा मी खाल्ला. काही बोलली नाही. आजचा दिवस तिले खुश राहू द्यावं, असं मनाशी म्हटलं. खोटं आहे. भेव वाटलं म्हणून बोलली नाही.

११ मार्च

पो.स्टे.ले गेली. साहेब तसे बरे बोलले, खुर्ची देली. मी सांगतलं, सतरा नंबरची पोरगी तिथं नव्हतीच, अमरावतीच्या दवाखान्यात तिची हजेरी आहे. साहेबानं फाइल पाह्यली. म्हणे, "निवेदनावर सही आहे तिची. ती गावात नव्हती, तर मंग ही सही कोणाची?"

तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, पाहून सांगतो.

पाहून काय सांगणार होती? एस.टी.त बसल्यावर स्वतःच्या थोबाडीत माराविशी वाटली.

१२ मार्च

वकीलसाहेबाईले भेटाले वाशीमले. त्याईनं साफ सांगतलं, बोलू नका. गायरानाची सुनावणी ३ एप्रिलले आहे. एक सही खोटी निघाली की कंपनीचा वकील म्हणीन बावीसही खोट्या, आन निवेदनच गेलं. तुमच्यावर वेगळा गुन्हा लागीन तो लागीनच.

मी इचारलं, पोरीचं काय मंग? म्हणे केस चालीन, सुटीन ती, पुरावा आहे. किती दिवसात? त्याईनं दुसरी फाइल उघडली.

१६ मार्च, रविवार

सुमनसंगं गायरानाकडं गेली. तारेचं कुंपण पुरं झालं. तुरीचे खुंट आतमंदी, आमी बाहेर. सुमनच्या सासऱ्यानं गोटे येचून येचून ते वावर केलं. दगडाचा तो धुरा, वावराचा बांध, अजून तसाच दिसते. आता तिथं सोलरच्या काचा लागतीन. कागदावर ते वावर कधी नव्हतंच. सरकारी पडीक. पन्नास वर्सं ज्वारी झाली त्या पडिकात, तरी पडीकच.

कालच्या बातम्याईत दुसऱ्या राज्यातल्या बाया दाखवल्या, जंगलासाठी बसलेल्या. त्याईचीही नावं पोलिसानं लिहून नेली. या देशात मागणाऱ्याचं नाव पह्यले लिहिल्या जाते. कुंपणाचे खांब रोवणाऱ्याचं नाव कोणत्या कागदावर आहे, इतक्या दिवसात मले काही सापडलं नाही. माहितीच्या अधिकारातही इचारून झालं. दमली मी.

परत येतानी सुमन म्हणे, "जमीन गेली तर गेली वं ताई. पोरगी तं सुटली यातून."

मी चप्पल झटकाच्या बहाण्यानं मागं राह्यली.

२२ मार्च, शनिवार

झालं. पडताळणीत 'गुन्हा दाखल' असा शेरा आला. शीतल सकाळच्या गाडीनं आली. खुलासा द्याले ४ एप्रिलपर्यंत मुदत आहे.

सुमननं मले बोलावून घेतलं. शीतल पडवीत उभी. बॅगही खाली ठेवली नव्हती. मायले म्हणे, तूच देलं असन नाव, तुले कोणी काही म्हटलं की तू अंगठा देऊन मोकळी होते. सुमननं तिच्या हातातली बॅग घेतली. मंग म्हणे, "देलं असन बाप्पा मीच. आठवत नाही."

मी तिथंच होती. दोन हातावर. पाणी मागतलं, पेली, आन घरी आली.

इतकी वर्सं माईकवर बोलली. कलेक्टरसमोर बोलली, मंत्र्याच्या गाडीपुढं बोलली. आज एक वाक्य बोलता आलं नाही.

२५ मार्च

जेवण जात नाही. शीतल दारावरून गेली, नमस्कार केला. पह्यल्यासारखाच. ते जास्त लागलं.

२७ मार्च, गुरुवार

सुमनले सांगतलं. ती तुरीची डाळ पाखडून राह्यलती. सगळं सांगतलं, रजिस्टरच्या सवयीपासून तं डब्यातल्या नोटिशीपर्यंत. सूप थांबलं नाही. मले वाटलं आता शिव्या देईन, देल्या असत्या तं बरं झालं असतं.

मी म्हटलं, जबाब देतो, सही माही आहे म्हणून. शीतल सुटीन. पण सुनावणीत सगळ्याईचं गायरान हातचं जाईन, तुहंही. तू सांग, काय करू?

सूप खाली ठेवलं तिनं. "मले कायले इचारतं आता? सही करतानी इचारलं होतं?"

आन उठून आत गेली.

२८ मार्च

खरं बोलली. माही चीड दुसऱ्यावरच होती इतके दिवस. पोलिसानं न पाहता नावं घातली म्हणून बोंबलत होती. मीही तं न इचारताच घातलं.

ठरवलं. जबाब द्याचा. पण ज्याईची जमीन त्याईले आधी घरी जाऊन सांगाचं. सभा बोलावून नाही. सभेत सगळे माह्याच बाजूनं बोलतीन.

३० मार्च, रविवार

अकरा घरं झाली. कोणी म्हणे दे जबाब, पोरीचं वाटोळं नको. चार घरं म्हणे तुम्हीच आमाले रस्त्यावर बसवलं, आता तुम्हीच बुडवा. एकानं दार लोटून घेतलं. कोणालेही खोटं म्हणता येत नाही.

वकीलसाहेबाईले फोन केला. म्हणे विचार करा. मी म्हटलं तोच करून राह्यली.

१ एप्रिल, मंगळवार

राह्यलेली घरं आज. शेवटी पारबताकडं गेली, यादीत तीन नंबर. तिले सगळं सांगतलं. ऐकून घेतलं आन मंग म्हणे, "ताई, मी तवा लेकीच्या बाळंतपणाले पुसदले होती. रस्ता रोकोच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आलती. माही सही कोणी केली वं?"

घरी येऊन पोचेची प्रत काढली. खिडकीपाशी नेऊन एक-एक सही पाह्यली. पारबताची माहीच. नऊ नंबरचीही माही वाटते. तिचे हात शेणात होते, तूच कर म्हणे ती, का ते दुसऱ्या निवेदनाच्या वेळचं? चौदा आन वीस, ह्या दोघी घरी होत्या का नव्हत्या, काही केल्या आठवत नाही. एवढे दिवस एकच, एकच म्हणत होती.

जबाब लिहाले बसली. 'मी खालील सह्या स्वतः केल्या आहेत' इथपर्यंत लिहिलं. पुढं नंबर लिहाचे. सतरा लिहिला. तीन लिहिला. मंग स्वल्पविराम देला आन बसून राह्यली.

उद्या दहा वाजता पो.स्टे.