धोंडिबासाठी घड्याळ

३ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळ मीच निवडायचं, असं ठरलं! कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "गुरुदत्त, तू मापं तपासणारा इन्स्पेक्टर. पारख तुझी." धोंडिबा या अठ्ठावीसला रिटायर होतोय. चौतीस वर्षं मिलिंग मशीनवर. बारा हजारांपर्यंत चालेल म्हणाले.

कल्पना माझीच. मशीनवर घड्याळ घालू देत नाहीत — अडकलं तर हात गेला. म्हणजे या माणसाचं मनगट चौतीस वर्षं रिकामंच. आता घाल म्हणावं, खुशाल!

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस घड्याळांतच बुडालोय. हेमा म्हणाली, "आपल्या लग्नातली अंगठी तुम्ही पाच मिनिटांत घेतली होतीत." उर्वी घोडबंदरच्या ऑफिसातून दमून येते, तरी मला फोनवर व्हिडिओ लावून देते. पंचवीस वर्षांची पोरगी, हातात स्मार्टवॉच. म्हणते, "बाबा, हेच द्या ना." धोंडिबाला रोज घड्याळ चार्ज करायला लावू? नको.

कळलं ते असं. सगळ्यात खाली सोनाटा, मॅक्सिमा. वेळ चोख, पण निरोप समारंभात द्यायचं म्हणजे जरा वरचं हवं. त्यावर टायटन, टायमेक्स, कॅसिओ. त्यावर सिटिझन, सायको. मग टिसॉट वगैरे स्विस — तिथे आपले बारा हजार संपले. त्याच्या वरची नावं नुसती वाचायची. मधेच कपड्यांच्या नावाची घड्याळं येतात — नावाचे पैसे जास्त. ती बाद.

गंमत म्हणजे वेळ सगळी तीच दाखवतात! वरच्या पायरीला पैसे जातात ते काचेला, पट्ट्याला, फिनिशिंगला आणि डायलवरच्या नावाला.

एक मात्र — हल्ली डायल फार फिके करतात. चंदेरीवर चंदेरी काटे. वाचणार कसं माणसाने?

८ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस.

जानेवारीतला पंपाच्या झाकणांचा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. तीनशे चाळीस नग. खाच एक मिलिमीटर जास्त खोल. सगळा भंगारात.

आमचे प्लँट मॅनेजर प्रशांत सर — वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान — मला आणि धोंडिबाला केबिनमध्ये घेऊन बसले. धोंडिबा म्हणाला, "सर, पहिला नग मी गुरुदत्तकडं नेला. त्यानं मापला. म्हणला, अजून एक मिलिमीटर खाली घे. मी घेतलं." सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मला असं काही आठवत नाही. मी तपासले ते नग बरोबर होते. सेटिंग नंतर हललं असेल."

खरंच आठवत नव्हतं. आणि माझं माप चुकत नाही. सव्वीस वर्षांत चुकलेलं नाही.

धोंडिबा उठला. टोपी हातात घेऊन बाहेर गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवतंय का? नाही. नाहीच आठवत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धोंडिबाला मशीनवरून काढून झाडलोटीला लावलंय. चौकशी होईपर्यंत. निरोप समारंभ होणार की नाही, कुणालाच माहीत नाही. जेवायला तो आता एकटाच बसतो, कंप्रेसरच्या बाजूला. मी डबा घेऊन तिकडे चाललो होतो. मग दुसरीकडेच बसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तरी नौपाड्यात गेलो. समारंभ झाला तर घड्याळ हातात असावं. मंजुळाताईंचं दुकान. नवरा गेल्यापासून त्या एकट्या चालवतात, रिपेअरिंगसकट. साठीच्या आहेत, बोलायला तिखट.

मी सगळी यादी काढली. त्या हसल्या. "पायऱ्या पाठ केल्यात वाटतं! घालणारा कोण, ते सांगा आधी." मी सांगितलं — मिलिंगवाला, आता गावी जाईल, शेतात, विहिरीवर जाईल. त्या म्हणाल्या, "मग ऑटोमॅटिक नको. ते हात हलेल तोवरच चालतं; कधी घालेल, कधी खुंटीला अडकवेल, बंद पडेल. गावात सेल बदलायला कुठे फिरेल? हे घ्या. सिटिझन. उजेडावर चालतं. पाण्याला भीत नाही. वार आणि तारीख आहे. रिटायर माणूस आधी वार विसरतो."

साडेअकरा हजार. चांगलंच होतं. तरी मी आपला दुसऱ्याकडे बघत राहिलो — तीन छोट्या डायलचं. कारखान्यातल्या पोरांना ते आवडलं असतं. म्हणालो, "यातला छोटा सेकंदकाटा फिरत नाहीये." "फिरतोय की." "कुठे? काटाच नाही!" त्यांनी आपलं भिंग माझ्या हातात दिलं. कामावर मापाचं गेज वाचताना वापरतो त्या डाव्या डोळ्याला लावलं. छोटी डायल दिसली. काटा नाही.

मंजुळाताई माझ्याकडे बघत होत्या, घड्याळाकडे नाही. हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याला लावा बघू."

उजव्याला लावलं. काटा होता. टुकटुक फिरत होता.

सिटिझन घेतलं. घरी कसा आलो कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उजवा डोळा झाकून कॅलेंडर बघतो. एका तारखेकडे बघितलं की तिच्या खालच्या दोन नसतात. काळं काही दिसत नाही — नुसत्या नसतात. तिथे पांढरा कागद असल्यासारखं वाटतं.

हेमाने विचारलं, "काय चाललंय?" म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळे यायच्या आत इन्स्पेक्शन रूम उघडली. डायल गेज काढलं. त्याचा मोठा काटा एक पूर्ण फेरा मारतो तेव्हा छोटा काटा एक घर पुढे सरकतो. एक घर म्हणजे एक मिलिमीटर. मी गेज नेहमी उजवा डोळा मिटून वाचतो. आमच्या मास्तरांनी तसंच शिकवलं होतं.

उजवा मिटला. मोठा काटा दिसला. छोटा नाही.

म्हणजे गेले कित्येक महिने मी छोटा काटा बघतच नव्हतो. मोठ्यावरून अंदाज बांधत होतो — आणि छोटा मला दिसतोय असं समजत होतो!

आणि आता आठवलं. धोंडिबा पहिला नग घेऊन उभा होता. म्हणाला होता, "मला तर बरोबर वाटतंय रे." मी म्हणालो होतो, "गेजपेक्षा तुला जास्त कळतं काय?"

माझ्याच तोंडचं वाक्य. स्पष्ट आठवलं.

दिवसभर कुणाला काही बोललो नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अजून बोललो नाही. इन्स्पेक्टरचा डोळा गेला तर राहिलं काय त्याच्याकडे? चार वर्षं नोकरी बाकी आहे. उर्वीचं लग्न व्हायचंय.

गेज आता उजव्या डोळ्याने वाचतो. नीट दिसतं. म्हणजे पुढे चूक होणार नाही. मग गप्प बसलं तर काय बिघडतं? — हे मी लिहिलंय. हे माझंच अक्षर आहे.

संध्याकाळी सरांनी सांगितलं, धोंडिबाला कामातल्या हलगर्जीचं पत्र देणार. समारंभ नाही. "घड्याळ परत करता येईल ना?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं!

केबिनमध्ये गेज घेऊनच गेलो. सरांना दाखवलं — हा डोळा, हा काटा. आठ तारखेला खोटं बोललो नव्हतो, पण सोमवारपासून खोटा वागतोय, हेही सांगितलं. सरांनी गेज हातात घेऊन फिरवून बघितलं. मग म्हणाले, "लेखी द्याल?" तिथेच दिलं.

येत्या सोमवारपासून मी स्टोअरला. माल पास झाल्याची सही करायचा अधिकार काढला. नोकरी राहिली. धोंडिबाचं पत्र फाडलं.

मग धोंडिबाकडे गेलो. तो मशीनखालचे लोखंडी पत्रे साफ करत होता. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, "जाऊ दे" म्हणेल. तसं म्हणाला नाही. म्हणाला, "पंधरा दिवस, गुरुदत्त. पंधरा दिवस मी घरात सांगितलं न्हाई. बायको इस्त्री केलेला शर्ट देत व्हती, मी घालून येत व्हतो, आन हितं झाडू मारत व्हतो." आणि पुन्हा पत्रे पुसायला लागला.

बरोबर आहे त्याचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हेमाला सांगितलं. ती रडली नाही, चिडली. "आधी मला सांगायचंत ना हो!" दुपारी डोंबिवलीतल्या डॉक्टरांकडे नेलं. दोन तास तपासलं. काचबिंदू. डावा बराच पुढे गेलाय, उजव्यात सुरुवात आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. रोज थेंब, जन्मभर.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला होतं?" माझे वडील, अण्णा, शेवटी दारांना धडकायचे. आम्ही म्हातारपण समजलो. डॉक्टर म्हणाले, हा घराण्यात उतरू शकतो. मुलं असतील तर त्यांचेही डोळे तपासून घ्या.

बाहेर येताना हेमा म्हणाली, "उर्वीला आत्ताच नको सांगायला. पुढच्या महिन्यात बघायला येतायत." मी हो म्हणालो. लगेच म्हणालो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

समारंभ झाला. प्रशांत सर आधी बोलले, लॉटची चूक धोंडिबाची नव्हती असं सगळ्यांसमोर सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मग मीच उभा राहिलो आणि घेतलं. 

घड्याळ दुसऱ्यानेच दिलं. धोंडिबाची बायको गोदा शेजारी बसली होती, तिने पट्टा लावला. त्याने दोनदा हात वळवून बघितला. पोरं विचारत होती, कितीचं, कुठल्या कंपनीचं. तो म्हणाला, "वार बी दावतंय की!"

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी खुर्च्या उचलत होतो. शेवटी गेटपाशी तोच थांबला.

"डोळ्याचं काय म्हणला डाक्तर?"

सांगितलं. घराण्यात उतरतो, हेही बोलून गेलो.

"पोरीला दाखवलंस?"

"नाही अजून. तिचं लग्न जमायचंय. हेमा म्हणते—"

"गुरुदत्त," तो म्हणाला, "आता बी गप बसतोस व्हय?"

आणि गोदाला घेऊन रिक्षात बसला.

१ मार्च, शनिवार

सकाळी चहा पिता पिता उर्वीला सांगितलं. अण्णांचं, माझं, सगळं. हेमा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. उर्वी एवढंच म्हणाली, "पुढच्या शनिवारी सुट्टी टाकते."

८ मार्च, शनिवार

उर्वीलाही आहे. दोन्ही डोळ्यांत. पण अगदी सुरुवात — नजर अजून पूर्ण आहे. थेंबांनी बहुतेक तशीच राहील, म्हणाले डॉक्टर. "आणखी पाच-सहा वर्षांनी आणली असतीत तर गोष्ट वेगळी होती."

जिना उतरताना तिने माझा हात धरला. मला वाटलं, घाबरलीय. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या डाव्या बाजूला पायरी आहे."