तिघांना पुरेल इतका राक्षस

रवि. ५ जाने. २००३, निर्मळ
आज पुन्हा तेच. तीन बुटके गॉब्लिन राक्षस लढायला दिले तर फासे टाकून मोकळे, वर तोंड करून म्हणतात बोअर झालं. मागच्या रविवारी जास्त दिले तर मेल्विन रुसून मागच्या वाडीत केळींत जाऊन बसला. सत्तावीस वर्षांचा घोडा. खेळाच्या नियमांची जाडजूड पुस्तकं जहाजावरून यानेच आणली, पण पहिलं पानसुद्धा उलटलं नाही. वाचली मी, म्हणून खेळ मी चालवायचा. गुहा माझी, राक्षस माझे, गोष्ट माझी. माझा भाऊ मेल्विन आणि त्याचा जूचंद्रचा मित्र सुहास, दोघांनी फक्त आपापला कागदावर लिहिलेला एकेक वीर सांभाळायचा. तेही धड नाही.

लढाई अशी बेतावी लागते की जिंकता येईल, पण घाम फुटेल. कॉलेजात गणिताचा पेपर काढते तसंच. तिथली कॉपी करणारी पोरं बरी. निदान तयारी करून येतात.

बुध. ८
ऑस्विनचं स्थळ पक्कं झाल्यात जमा. पापडीचा, अंधेरीला नोकरी. आई खूश. आतापर्यंत दोनदा भेटलो, दोन्ही वेळा तो मोटारसायकलबद्दल बोलला. मेल्विनने त्याला रविवारी खेळायला बोलावलंय. मला न विचारता. गाढव.

रवि. १२
ऑस्विन आला. शूर सरदार घेतला. नाव ठेवलं सर ऑस्विन. कल्पनाशक्तीचा कळस!

तिघे झाले म्हणून सगळा हिशेब नव्याने केला, दोन दैत्य ठेवले. लढाई छान बसली. सुहास नेहमीसारखा मशाल घेऊन बावळटासारखा पुढे, अर्धमेला झाला. सर ऑस्विन म्हणे, "मी मागून लक्ष ठेवतो." शेवटचा दैत्य मरायला टेकला तेव्हा पुढे येऊन एक घाव घातला आणि टाळ्यांसाठी बघत बसला.

जाताना फाटकाशी : "पुढच्या वेळी काय आहे ते मला आधी सांग ना. आपल्यात काय लपवायचं?"
आपल्यात!

गुरु. १६
ऑस्विनचा फोन. "राक्षस जरा हलका ठेव गं. मेल्विनसमोर माझं हसं नको व्हायला."
म्हटलं, मग खेळू नकोस. हसला. त्याला वाटलं गंमत.

शनि. १८
लढाई तयार. दरीवरचा पूल, पुलावर नाग. तिघे टिकून राहिले तर नाग मरतो. एक जरी निघून गेला तर उरलेल्या दोघांचं काही खरं नाही. स्वयंपाकघरात टेबलावर स्वतःच फासे टाकून पुन्हा पुन्हा तपासलं. कुठे अन्याय नाही.
आई : "बाय, कोणाशी बोलतेस?"
"नागाशी."
"लग्न ठरलेली मुलगी," एवढंच म्हणाली आणि मासे धुवायला गेली.

रवि. १९
मेल्विनचा वीर पडला. मेला नव्हता, पण उठवत नव्हतं. सुहास त्याच्यापुढे उभा राहिला. ऑस्विनची पाळी. म्हणतो, "मी मागे फिरतो. पूल सोडून निघतो."
सुहास : "अरे थांब ना, दोघं मिलून मारू याला."
"गेम आहे रे. चिल."
"मी नाय पलनार."
नाही पळाला. मेला. मग मेल्विन मेला.
ऑस्विनने केळ्याचं भजं उचललं. "मी वाचलो ना? म्हणजे जिंकलो मी."

सुहासचा तो वीर पहिल्या दिवसापासूनचा. त्याने वीराचा कागद घडी करून खिशात घातला, स्कूटर चालू केली.

सोम. २०
आईला सांगितलं, या माणसाशी लग्न नको.
"का? काय केलं त्याने?"
"पळाला."
"कुठून?"
"पुलावरून."
आईचा चेहराच उतरला. "अगं, कोणाला लागलं का?"
मग सगळं समजावलं. "खेळात पळाला म्हणून? फादरना काय सांगू मी? लग्नाची तारीख ठरवायला शनिवारी दोघांना बोलावलंय त्यांनी."
मी फासे उचलून खोलीत निघून आले. याचाच राग येतोय.

गुरु. २३
कॉलेजच्या गेटवर ऑस्विन. मोटारसायकल बंद करून उभा. मेल्विनने सांगितलेलं दिसतंय सगळं.
"पळालो, कबूल. सुहासला फोन करून सॉरी म्हटलं. पण तो नाग तू माझ्यासाठीच ठेवला होतास. आम्ही खेळत असतो आणि तू पेपर तपासत असतेस. मेल्विनचा, सुहासचा, माझा. मज्जा येते का तुला कधी?"
एवढं बोलून गेला. इतकं सलग बोलता येतं त्याला, हे माहीत नव्हतं.
पळपुटा तो पळपुटाच. शहाणपणा शिकवतोय मला! नाग अगदी बरोबर बेतला होता, त्यात काडीची चूक नव्हती.
पण

शनि. २५
फादरकडे गेले नाही. आईने निरोप पाठवला, मुलीला ताप आहे. पुढच्या शनिवारी येतो.

रवि. २६
सकाळी कॉलेजात झेंडावंदन. दुपारी बघते तर ऑस्विन व्हरांड्यात, सुहासही. ऑस्विन म्हणतो, "आज मी चालवतो. तू खेळ."

काय ती लढाई! एका टेकडीवर दोन ड्रॅगन, भुतांची पलटण आणि मधोमध बोलणारी म्हैस. हिशेबाचा पत्ता नाही. माझी जादूगारीण पहिल्याच फेरीत खलास. असा फालतूपणा मी जन्मात केला नसता. सुहास नवा वीर घेऊन भुतांत घुसला आणि हसता हसता खुर्चीवरून पडला. मेल्विन म्हशीच्या आवाजात गात होता. माझ्या खेळात ही माणसं अशी कधी हसली नाहीत. मी मेलेली, तरी उठून आत गेले नाही.

आई चहा घेऊन आली. "शनिवारी फादरकडे जायचं की नाही, एकदा सांग."
म्हटलं, "थांब, लढाई चालू आहे."
"पण तू तर मेलीस म्हणे?"
ऑस्विन माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हशीला सांगितलं तर ती जिवंत करते."
"असा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"
"कुठल्याच नाही. सांगून बघ."
चहावर साय धरली.
अजून काही सांगितलेलं नाही. म्हशीलाही नाही, आईलाही नाही.