बोरदऱ्याचा पाण्याचा ट्रॅक्टर

बोरदरा,
ता. १६ जानेवारी १९७३

ती. रामकिसनदादा यांस,
धाकट्या शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवायचा होता, पण यंदा घरात तीळ नाही आणि दुकानात गूळ नाही. तेव्हा नुसतंच गोड मानून घे. तारावहिनींचा पाय दुखत होता, तो बरा झाला का?

दादा, सोसायटीचा ट्रॅक्टर बंद पडला. गावातल्या तिन्ही विहिरी दिवाळीतच आटल्या. तेव्हापासून तुझे दाजीच ट्रॅक्टरला टाकी जोडून सात मैलांवरच्या नदीच्या डोहातून पाणी आणत होते. दिवसाला तीन खेपा. माणसं त्यावरच आणि चारा छावणीतली तीनशे जनावरंही त्यावरच. गेल्या मंगळवारी भरली टाकी घेऊन येताना चढावर इंजिनानं आचका दिला आणि जागीच गच्च धरलं. चार बैलजोड्या लावून गावात आणला. आता सरकारी टँकर चौथ्या दिवशी येतो, तोही कधी अर्धाच. आम्ही बायका उजाडताच डोहावर जातो नि दुपारी एकेक हंडा घेऊन येतो.

पण त्याहून दुसरंच दुखणं आहे. चेअरमन आप्पारावांनी पारावर सगळ्यांदेखत ह्यांना विचारलं की, ऑईल न बघता इंजिन कावून पळवलंस. ह्यांनी बघितलं होतं म्हणून सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. आता ह्यांना दिवसभर खडीच्या कामावर धाडलंय. घरी आले की भिंतीकडं तोंड करून बसतात. सासूबाई म्हणतात की माणूस जित्ता हाय, हातीपायी धड हाय, लई झालं. मला मात्र भीती वाटते.

सोसायटीनं ठराव केलाय की होळीच्या आत इंजिन दुरुस्त झालं नाही, तर ट्रॅक्टर भंगारात द्यायचा. शिरूरच्या मिस्त्रीनं तर हात टेकले. म्हणाला, परदेशी माल, याचे सुटे भाग आता मिळत न्हाईत. तूच काही मार्ग काढ.

इकडं पाणी आटलं, तुझी माया आटू देऊ नको.
तुझी,
शिवकन्या

•

परळी वैजनाथ,
ता. २३ जानेवारी १९७३

चि. सौ. शिवकन्या हिस,
रामकिसनचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. वहिनीचा पाय बरा आहे, जीभ तर पहिल्यापासूनच बरी आहे. थर्मल वीजकेंद्रात डबल पाळ्या चालू आहेत, म्हणून लगेच निघता येत नाही. तोवर दाजींनी काय करायचं ते लिहितो, त्यांना वाचून दाखव.

हेड उतरवावं. मग खालची ऑईलची चेंबर खोलावी, पिस्टन आणि ते ज्या नळ्यांत सरकतात ते लायनर काढावेत आणि शेवटी क्रँक, तो जाड वाकडा दांडा. निघालेला प्रत्येक भाग गोणपाटावर ओळीनं मांडावा. किती झिजलंय ते मला कळवा. क्रँकवर चरे पडले असतील, तर तो इथं घेऊन या, लेथवर घासून घेऊ. तो आडवा टाकू नका, उभाच ठेवा, नाहीतर वाकतो.

एक बोलतो, राग मानू नको. दोन वर्षांमागच्या दिवाळीत रजेवर आलो तेव्हा ते इंजिन मी माझ्या हातानं बसवलंय. बेअरिंगं नवी टाकली होती. माझ्या हातचं इंजिन पाच वर्षं कुरकुरत नाही. ते असं धरलं म्हणजे ऑईल मिळालं नाही, हे नक्की. दाजींना एकदा खरं विचार. चूक कुणाच्याही हातून होते. घरच्या माणसापाशी कबूल करायला लाज कसली?

सुट्या भागांसाठी लातूरच्या आणि नगरच्या दुकानांना पत्रं टाकली आहेत.

सासूबाईंना नमस्कार. दोघांनी जिवाला जपून असावं.
तुझा,
दादा

•

बोरदरा,
ता. ८ फेब्रुवारी १९७३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. तुझा प्रश्न आला तेव्हा मी अडखळले, पण त्यांनी सगळं वाचायला लावलं. ऐकून एवढंच म्हणाले की, ऑईल बघितलं होतं, दादांना सांग. मग दोन दिवस खडीच्या कामावर खाडा करून त्यांनी इंजिन खोललं. मी पान्हे हातात देत होते. चेंबर खोलायची वेळ आली तेव्हा मात्र मला घरी भाकऱ्या टाकायला पाठवलं. परत आले तर सगळं पुसून मांडलेलं होतं. त्या दिवसापासून ते आणखीच गप्प झालेत. चिडलेले नाहीत, नुसते गप्प.

क्रँकवर चरे आहेत, बोट फिरवलं तरी लागतात. दोन लायनर आणि दोन पिस्टन कामातून गेलेत.

आता चांगली बातमी. नगरच्या दुकानाचं तुला अजून काही कळलं नसेल. पण ह्यांचे चुलतभाऊ गहिनीनाथ ऊसतोडीला टोळी घेऊन तिकडच्या एका साखर कारखान्यावर आहेत. त्यांनी कारखान्याच्या आवारात बाभळीखाली हुबेहूब आपल्यासारखा ट्रॅक्टर मोडून पडलेला पाहिला. कारखाना सहकारी, आपली सोसायटीही सहकारी. म्हणून आप्पारावांनी सोसायटीच्या शिक्क्यानिशी अर्ज लिहिला की आमचं गाव तहानलंय. त्यांनी नाही म्हटलं नाही. गहिनीनाथ भाऊजींनी फडावरचं काम आटोपून, टोळीतल्या चौघांना घेऊन सगळे लायनर आणि पिस्टन काढले आणि उसाच्या पाचटात गुंडाळून मालट्रकवाल्याबरोबर मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पाठवले. हे जाऊन घेऊन आले. त्यातले तीन पिस्टन आणि दोन लायनर चांगले निघाले. आप्पाराव तसे वाईट नाहीत दादा. त्यांच्याही घरी पाणी नाही.

क्रँक घेऊन हे सोमवारी निघतील. जुन्या गोधडीत बांधलाय. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझी एवढी बडदास्त ठेवली नव्हती.

होळीला आता महिनाच राहिला. विसर पडू देऊ नको.
शिवकन्या

•

परळी वैजनाथ,
ता. २० फेब्रुवारी १९७३

चि. सौ. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

दाजी क्रँकसह सुखरूप पोचले. एसटीत क्रँक टपावर टाकायला तयार नव्हते. सबंध वाट दोन्ही गुडघ्यांत उभा धरून बसले. कंडक्टरनं विचारलं की म्हातारीला बरं नाही का, तेव्हा गोधडी वर करून दाखवावी लागली. हे त्यांनी स्वतः वहिनीला सांगितलं आणि थोडे हसलेही. म्हणजे माणूस अजून हाती आहे, काळजी करू नको.

क्रँक घासून झाला. त्याच्या मापाची बेअरिंगं लातूरला एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर सापडली. डब्यावर बोटभर धूळ, पण आत माल कोरा. तीन दिवसांची रजा मिळाली आहे. शनिवारी पोचतो. डिझेल आणि नवं ऑईल तयार ठेवा.

भेटीअंती बोलूच.
दादा

•

परळी वैजनाथ,
ता. १ मार्च १९७३

चि. सौ. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

परवा तुमच्याकडून आलो, पण मन तिथंच आहे. इंजिन चालू झालं, तू रडलीस, सासूबाईंनी चाकाला कुंकू लावलं. आप्पारावांनी मला नारळ आणि उपरणं दिलं. म्हणाले की, परळीच्या मिस्त्रीनं गाव वाचवलं. दाजी मागं उभे राहून हात पुसत होते. ते उपरणं मी खांद्यावर घेतलं, हे आता सहन होत नाही.

शिवे, नीट वाच. रविवारी बेअरिंगं बसवण्याआधी मी ऑईलच्या वाटा तारेनं साफ केल्या. एका वाटेतून खाकी धाग्यांचा बोळा निघाला. मी ओळखला. मागल्या खेपेला इंजिन पुसायला माझ्या जुन्या कामाच्या सदऱ्याची बाही फाडून घेतली होती. तिचा तुकडा मी चेंबरमध्ये विसरलो. तो दोन वर्षं आत भिजत पडला आणि शेवटी ऑईल पंपाच्या जाळीवर बसला. चेंबरमध्ये ऑईल होतं, पण वर चढलंच नाही. दाजी खरं बोलत होते.

मी बोळा दाजींच्या पुढं धरला. त्यांना नवल वाटलं नाही. ज्या दिवशी तुला भाकऱ्या टाकायला पाठवलं, त्याच दिवशी त्यांना जाळीवर तो तुकडा सापडला होता, बटणासकट. त्यांनी तो चुलीत घातला. मी विचारलं की, मग बोलला कावून नाहीत. तर म्हणाले की, माझं काय, मी खडी फोडीन, पण तुम्ही फिटर माणूस, तुमच्या हाताचं नाव गेलं तर मागं काय राहील? शिवाय शिवकन्येला माहेर एकच आहे. मग त्यांनी मला शपथ घातली की हे इथंच मिटवायचं.

मी ती शपथ मोडतो आहे. पत्रात तुला मी काय काय लिहिलं होतं, तेही आठवतं. कबूल करायला लाज कसली, असं मीच विचारलं होतं ना? नारळ घेताना मला तोंड उघडता आलं नाही. इथं येऊन दोन दिवस पाळीवर हात चालेना, तेव्हा कळलं की ही लाज कसली असते.

आजच आप्पारावांना वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात सगळं लिहिलं आहे आणि ते सोसायटीच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं, अशी विनंती केली आहे. उपरणं परत पाठवतो, ते दाजींना द्यावं. गावानं मला काय म्हणायचं ते म्हणो.

तू रागावलीस तर तो तुझा हक्क आहे. पण दोन ओळी लिही.
तुझा अपराधी,
दादा

•

बोरदरा,
ता. १४ मार्च १९७३

ती. रामकिसनदादास,
शि. सा. न. वि. वि.

राग आला होता, खोटं कशाला सांगू? तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग ह्यांचा. एकाच ताटात जेवणाऱ्या माणसानं महिनाभर एवढं पोटात ठेवावं, आणि मी त्यांना भिंतीकडं बघताना बघत राहावं. दोन दिवस मी दोघांशीही बोलले नाही. तू लांब होतास म्हणून तुला कळलं नाही.

सोमवारी शाळेत सोसायटीची बैठक झाली. आम्ही बायका बाहेर ओट्यावर होतो. आप्पारावांनी तुझं पत्र स्वतः वाचलं, एक अक्षर न गाळता. मग हे उठले. इतक्या माणसांत ह्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाले की, चिंधी दादांची खरी, पण पुरी चूक त्यांची न्हाई. त्या दिवशी चढाच्या अलीकडंच ऑईलचा काटा खाली आलता. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण गावात बायका सकाळपासून हंडे घेऊन बसलेल्या, म्हणून म्हटलं एवढी खेप पोचवावी नि मग बघावं. अर्धी चूक माझी धरा.

दादा, ही गोष्ट त्यांनी मलाही सांगितली नव्हती. म्हणून तर पारावर त्यांचा आवाज चढला नव्हता.

आप्पारावांनी पत्राची घडी घातली. ह्यांना म्हणाले की, भारत, तू चढावर थांबला असतास, तर कावून थांबलास म्हणूनही मीच तुला बोललो असतो. मग सगळ्यांदेखत ट्रॅक्टरची चावी ह्यांच्या हातात दिली. उपरणं ह्यांनी घेतलं नाही. ते आता टाकीच्या तोंडाला पाणी गाळायला बांधलंय. तुझ्याबद्दल गावात काय बोलतात, हे तुला जाणून घ्यायचं असेल. पारावरचे म्हातारे म्हणाले की, इंजिन जोडणारे पुष्कळ, पण स्वतःहून असं लिहून पाठवणारा मिस्त्री पाहिला न्हाई. पुढच्या दुरुस्तीलाही तुलाच बोलवायचं ठरलंय. फक्त सदरा धड घालून ये, असं सासूबाईंनी सांगितलंय.

मधे सोसायटीचा दुसरा गडी दिवसाला जेमतेम एक खेप आणत होता, मंगळवारपासून ह्यांच्या तीन खेपा चालू झाल्या. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे, काटा जागेवर आहे. पहिली टाकी छावणीत गेली, दुसरी गावात. काल दुसरी खेप रिकामी करून हे जेवायला बसले. तीन भाकरी आणि वाटीभर पिठलं खाल्लं, आणि हात धुऊन लिंबाखाली टेकले ते तिथंच झोपले. महिन्या-दोन महिन्यांत त्यांना असं घोरताना मी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या खेपेची वेळ झाली. शेजारची मंजुळाबाई आणि आणखी वीसेक बायका हंडे घेऊन आल्या. मी उठवायला निघाले, तर मंजुळाबाईनं माझा हात धरला. म्हणाली, इतके दिस थांबलो, आणखी घटकाभर थांबू. मग सगळ्या जणी हंडे आवाज न करता खाली ठेवून सावलीला बसल्या.

हे उठल्यावर लई ओशाळले. मी म्हटलं, चला, मीपण येते. काल पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसून डोहावर गेले.

वहिनींना घेऊन पाडव्याला ये. आमच्याकडं आता पाहुण्याला पाणी आहे.
तुझी,
शिवकन्या