डोंगराच्या आतलं पाणी

आबा, घाटातल्या रस्त्यावर तुम्ही मैलकुली होतात. मोऱ्या साफ करायच्या, दरड आली की दगड बाजूला करायचे. मी इंजिनिअर झाले त्या उन्हाळ्यात आपण त्या रस्त्याने चाललो होतो. एका वळणावर थांबून तुम्ही म्हणालात, "हितं डोंगर कापू नगा, आतनं पानी येतंय, म्हनून साहेबाला सांगितलं व्हतं." मी हसत विचारलं, "मग साहेब काय म्हणाले?" "तू हसलीस तसंच हसला." आणि तुम्ही झपाझप पुढे निघालात.

तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. मी सिंगापुरात असते, तोआ पायोहच्या एका ऑफिसात. अमेरिकेत अ‍ॅपलाचिया नावाचे जुने डोंगर आहेत, त्यांतून जाणाऱ्या हायवेचं काम आमच्याकडे आलं. कुठला उतार किती कापायचा ते ठरवणारी मी, आणि तो डोंगर मी फक्त स्क्रीनवर पाहिलेला. तिथल्या रहिवाशांशी व्हिडिओवर बैठक होते. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. एक म्हातारी बोलायला उभी राहते. तिचं घर आमच्या कटिंगच्या अगदी खाली. म्हणते, "घरामागची जमीन भर उन्हाळ्यातही ओली असते. माझी आई तिथूनच पाणी भरायची." मी नम्रपणे सांगते की जमीन तपासायला घेतलेल्या आमच्या बोअरला पाणी लागलेलं नाही. "बोअर घेतलं कुठे?" ती विचारते. ते बरंच लांब होतं. मी म्हणते, "जवळच." बैठकीचं टिपण मीच लिहिलं. त्यात तिचं बोलणं घेतलं नाही.

यंदा बर्फ वितळलं आणि आम्ही कापलेला तो उतार खाली आला. म्हातारी बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. घर गेलं. फोटोत चिखलातून तिच्या फ्रिजचं दार तेवढं वर आलेलं दिसतं. अहवालात कारण लिहिलंय, 'अनपेक्षित भूजल'. ते शब्द मी सुचवले, आणि सगळ्यांना सोयीचे वाटले. मी जेवत नाही म्हटल्यावर लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, नॉट युअर फॉल्ट लाह." मी तिला काही सांगितलं नाही.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं, आबा. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंत, आणि त्या माणसाला हे कळलेलं मला चाललं नसतं.