तांदळावरचं नाव

क्लेमेंटी, रविवार, ऑगस्ट २००६

आज लिफ्टमध्ये फजितीच झाली. शेजारच्या मिसेस टॅन प्रकाशसमोरच मला म्हणाल्या, "कुसुम, ईट ऑलरेडी?" म्हणजे जेवलीस का; इथे भेटल्यावर असंच विचारतात.

प्रकाश बघतच राहिला. "आई, त्या तुला कुसुम का म्हणतात?"

"चुकल्या असतील," म्हणाले. खोटं का बोलले? गेल्या आठवड्यात खाली बाकावर त्यांनी नाव विचारलं, तर तोंडातून माहेरचंच नाव आलं. का, कोण जाणे. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, तेव्हापासून मी सुनंदा. कुसुम म्हणणारा थोरला भाऊ तेवढा उरला होता, तोही गेला. पोटच्या मुलाला हे नाव माहीत नाही. मी तरी कधी सांगितलं? आणि मिसेस टॅनना माझं दुसरं नावच माहीत नाही.

ते तांदूळ काही डोक्यातून जाईनात. संध्याकाळी भातासाठी तांदूळ निवडायला घेतले. घरात कोणी नव्हतं. ताटात सारखे पसरले आणि बोटाने लिहिलं, कुसुम. अक्षराचं वळण तेच, शाळेतलं. किती वेळ बघत बसले. मग दारात किल्ली वाजली, तसा वरून हात फिरवला आणि तांदूळ धुवायला घेतले.

जेवताना सूनबाई म्हणाली, "आई, आज भात छान मोकळा झालाय."

प्रकाशने दुसऱ्यांदा वाढून घेतला. लिफ्टमधलं त्याने परत काही विचारलं नाही.