होऊ घातलेले सोयरे

१९ डिसेंबर १९५६

आजपासून जालन्यातले व्यापारी भांडणार नाहीत. भांडलेच तर नियमाने भांडतील! मोंढ्यात, इथल्या घाऊक बाजारात, व्यापारी लवाद मंडळाचं उद्घाटन झालं. लवाद म्हणजे आपले पंचच, फक्त गादीवरून उठून खुर्चीवर बसलेले. खुर्च्या औरंगाबादहून आल्या. एक पितळी घंटाही आली. ती कधी वाजवायची हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने एकेकदा वाजवून पाहिली.

भाषणं झाली. कोर्टात तारखांवर तारखा पडतात, वकील जेवतात आणि पक्षकार उपाशी राहतात. इथे महिन्यात निकाल लागेल. टाळ्या. टाळ्यांत सगळ्यात मोठा हात आमच्या वकिलांचा होता. ते मंडळाचे कायदे सल्लागार झालेत.

मुंबईच्या एका असोसिएशनचे नियम मागवून वकिलांनी त्यांचं मराठी केलं. त्याची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. बापूजींना वहीखात्याची मुडिया लिपी झरझर येते, पण नागरी लिहायला हात चालत नाही. माझी शाळा म्हणजे दुकानाची गादी आणि मास्तर म्हणजे बापूजी. मराठी मात्र काकांच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून उचललं. हे पानही म्हणूनच मराठीत. घरात सगळे मारवाडी बोलतात. माझ्या आत्याने, भुवाजींनी, हे कुणाकडून वाचून घेतलं तरी त्यांना अर्धंच कळेल. अर्धं कळून त्या काय करतील ते मात्र सांगता येत नाही.

२३ डिसेंबर

नियम वाचायला परवा सगळे शेठ मस्तगडला आमच्या घरच्या बैठकीत जमले होते. मी दाराआड, पुरीच्या परातीशी. सहा कलमं सुपारी कातरता कातरता मंजूर झाली. सातवं वाचलं — पंच हा कोणत्याही पक्षाचा सोयरा नसावा.

अडकित्ते थांबले.

मंडळाचे मंत्री बालकिशनजी म्हणाले, "मग पंच काय कलकत्त्याहून मागवायचा? इथे तर माझ्या मेहुण्याचा साडू तुमचा व्याही लागतो!"

खरंच आहे. या गावात दोन शेठ भांडले की आधी बायकांना विचारावं लागतं, हे कोण कुणाचे. शेवटी पंच म्हणून बापूजींचं नाव पहिलं घातलं. इथे आमचं नातं कुणाशीच नाही. आई गेली, तिचं माहेर लांब. आणि मला दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळे व्याही नाहीत. म्हणजे माझं लग्न जमलं नाही हीच बापूजींची मोठी लायकी ठरली!

सगळे गेल्यावर मी विचारलं, "सोयरा अजून झाला नाही, पण बोलणी चालली आहेत, असा असेल तर?" बापूजी विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला सांगून शब्द वाढवून घेतले — "सोयरा नसावा, वा होऊ घातलेला नसावा." बालकिशनजी हसले म्हणे. "शांतिलालजी, तुमची बेटी तर वकिलाची रोटी खाणार!"

मला उगीच छान वाटलं.

८ जानेवारी १९५७

पहिला तंटा आला! घंटा वाजली.

अंबडकडचे रामराव पाटील. त्यांनी कचरूलालजींच्या जिनिंगला कापसाच्या गाड्या आणल्या. भाव आधीच ठरला होता. गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि कचरूलालजी म्हणाले, कापूस ओला आहे, घेणार नाही. रामराव म्हणाले, कोरडा ठणठणीत आहे. मंडळाच्या माणसाने दोघांसमोर मुठी मुठी कापूस काढून पत्र्याच्या डब्यात भरला, झाकणाला लाख लावली, दोघांनी वर आपापली मोहोर उठवली. आता तो डबा सुनावणीतच उघडायचा, दोघांसमोर.

पण मोंढ्याने डबा न उघडताच निकाल दिलाय. गाड्या निघाल्या आणि पोचल्या त्या मधल्या काळात भाव घसरला. भाव घसरला की या गावात कापूस आपोआप ओला होतो. हमालसुद्धा हसतात.

पंच — बापूजी. दुसरं नाव बालकिशनजींचं, बापूजींना अडचण आली तर. बालकिशनजी कचरूलालजींची सरकी काढलेली रुई मुंबईला विकतात. पण ते नातं नव्हे, तो धंदा. धंद्याबद्दल कलम नाही.

१२ जानेवारी

रामराव आले होते. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा. बापूजींनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि भारा परत उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला.

"शेठ, ही काई लाच न्हाई. बैलाचा चारा हाये."

"निकाल लागल्यावर आण. तेव्हा मी बैल होईन."

रामराव मोठ्यांदा हसले. मग भाऱ्यावर हात फिरवत म्हणाले, "गावात लोकं इचारून राह्यले शेठ. रामरावनं पाणी मारून कापूस आणला का म्हणून. बापाच्या काळापासून आमच्या गाडीला कुणी हात लावून पाह्यला न्हाई. इकत न्हाई गेला तर न्हाई, पण हे नाव..."

बापूजी त्यांच्याशी फक्त थंडीबद्दल बोलले. किती तो संयम! मला मात्र आतून ओरडून सांगावंसं वाटलं की काळजी करू नका.

१५ जानेवारी

आज बसंतीबाई आल्या. कचरूलालजींच्या मंडळी! मिठाईचं ताट, वर जरीचा रुमाल.

दोन वर्षांपूर्वी याच बाईंनी मला पाहिलं आणि भुवाजींना निरोप धाडला होता, "पोरगी ठीक, पण चष्मेवाली सून आम्हाला नको." आज त्यांनी माझी हनुवटी उचलली. "चष्म्यात कशी शिकलेली दिसते! आमचा पुखराज म्हणतो, बायको हिशोब समजणारी पाहिजे."

माझा चष्मा तोच आहे. नंबर तेवढा वाढलाय.

भुवाजींनी बसंतीबाईंच्या पाठीमागे हात जोडून देवाला नमस्कार केला. पत्रिका दिली.

पुखराजला मी एकदाच जवळून पाहिलंय. बालकिशनजींकडच्या लग्नात. तो पंगतीत वाढत होता. माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "चष्म्याला तूप लागलंय." मी पुसायला गेले तर आणखी पसरलं. तो हसला नाही. वाटीतलं गरम पाणी पुढे केलं. एवढंच.

एवढंच, पण दोन वर्षं लक्षात आहे.

१६ जानेवारी

भुवाजी लग्नाची गाणी म्हणतात. ऐकवत नाही.

१७ जानेवारी

बापूजी आज दुकानात उशिरा गेले. जाताना पगडी आरशात पाहिली. आई गेल्यापासून त्यांना आरशात पाहताना मी पाहिलं नव्हतं. त्यांना कलम सात आठवत नाहीये. मला आठवतंय. मीच वाढवून घेतलेले शब्द! कुठल्या मुहूर्तावर मी तोंड उघडलं होतं!

न सांगितलं तर? माझंही भलं, रामरावांचंही. निकाल बापूजी खराच देतील, व्याही असोत की नसोत. मग नियम कशाला मोडला म्हणायचा? दिवसभर मी स्वतःची वकील झाले होते. वकिलाची रोटी!

१८ जानेवारी

सांगितलं. बापूजी बशीत चहा ओतत होते. बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, बराबर आहे. आनंदात राहून गेलं."

उद्या मंडळात जाऊन बोलणी जाहीर करणार आणि पंचपद सोडणार. भुवाजींना आनंद — लग्नही होणार, भानगडीतूनही सुटका!

२० जानेवारी

काल पंचपद सोडलं. सगळे उभे राहिले म्हणे. "असा सचोटीचा माणूस!" बालकिशनजींचे डोळे पाणावले. त्याच पाणावलेल्या डोळ्यांनी ते पंचाच्या खुर्चीत बसले आणि सुनावणी पंधरवड्याने पुढे ठेवली.

२४ जानेवारी

बसंतीबाईंकडून काहीच नाही. भुवाजींनी निरोप्या पाठवला. उत्तर — "गुरुजी गावाला गेलेत. पत्रिका जुळवून आल्यावर बघू. घाई कसली?"

गुरुजींना मी काल मंदिरात पाहिलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर मोंढ्यात रामराव भेटले बापूजींना. बापूजींनी घरी येऊन मला सगळं सांगितलं नाही, पण दुकानातला भुजंग हमाल सांगून गेला. रामराव म्हणाले, "शेठ, लेकीचं लगीन जमवलं, लई चांगलं झालं. पन मंग माझा कापूस कोरडा हाये का ओला, हे आता त्यांचाच माणूस ठरवणार. तुमी मला डहाळ्या वापस केल्त्या. त्यांचं ताट घेतलं."

बापूजी जेवले नाहीत.

आता माझ्या जड डोक्यात शिरलं. मला वाटत होतं, कचरूलालजींकडचे बापूजींना वळवायला आले. छे! बापूजी वळत नाहीत हे साऱ्या जालन्याला माहीत आहे. ते त्यांना उठवायला आले होते. लाच घेणारा पंच लाच देऊन वळवतात. न घेणाऱ्याला नियमाने उठवतात. आणि नियम कुणी आणून दिला? मी. मोत्यासारख्या अक्षरात.

२९ जानेवारी

बापूजी स्वतः गेले कचरूलालजींकडे. हो म्हणा नाहीतर ना म्हणा. कचरूलालजींनी मिठी मारली, केशरी दूध पाजलं. "शांतिलालजी, शुभ काम आहे. बोलणी चालूच आहेत ना!"

हो म्हटलं तर सून येते. ना म्हटलं तर बापूजी खुर्चीत परत येतात. म्हणून सुनावणी होईपर्यंत बोलणी चालू. किती सोपं! मी जिनिंगच्या दारातली गाडी आहे. आतही घेत नाहीत, परतही पाठवत नाहीत.

पुखराजला हे माहीत असेल? लिहायचं नव्हतं हे.

३१ जानेवारी

नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले. मुलीकडच्यांनी नकार देऊ नये, असं कलम नाही.

बापूजींना सांगितलं. ते म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "बिलकुल नाही." मग मी विचारलं, "रामरावांना काय सांगायचं?" त्यावर ते उठून परसात गेले.

भुवाजींनी भांडी आदळली. "मुलीकडून नकार? आपल्यात? नाक कापून घेशील तर तो चष्मा कशावर ठेवशील?"

हे मात्र त्यांचं बरोबर आहे. यापुढे तिसरं स्थळ येणार नाही. कोण येईल? नकार देणारी, चष्मेवाली, वर कलमं पाठ असलेली.

२ फेब्रुवारी

लिहून दिलं. "आमच्याकडून बोलणी संपली आहेत. प्रेमबाई शांतिलाल." बापूजी म्हणाले, मी सही करतो. मी म्हटलं, होऊ घातलेली मी होते, सही माझी. त्यांनी खाली आपलंही नाव घातलं, मुडियात.

भुजंग मंडळात देऊन आला. म्हणाला, "बालकिशन शेठनं दोनदा वाचलं, मंग पाठीमागून बी पाह्यलं."

मिठाईचं ताट जरीच्या रुमालासकट परत केलं. दोन पेढे भुवाजींनी आधीच काढून ठेवले होते.

४ फेब्रुवारी

वकिलांनी खूप पुस्तकं चाळली म्हणे. बोलणी संपली तर अडचण संपली, असंच निघालं. बापूजी पुन्हा पंच. मोंढ्यात हमालांनी त्यांना वाट करून दिली. रामराव आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे होते. घरात आले नाहीत, लांबूनच हात जोडले. मला. बापूजींना नव्हे.

पुखराज आमच्या घरावरून सायकलने गेला. जाताना त्याने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे चेहरा कसा होता ते कळलं नाही. बरंच झालं.

९ फेब्रुवारी

डबा उघडला. दोन्ही मोहोरा शाबूत होत्या. आतल्या सरकीला कोंब आले होते. कापूस ओलाच होता. कचरूलालजी खरं बोलत होते, आणि खरं पुरेल असं त्यांना वाटलं नाही. बापूजींनी निवाडा सांगितला, त्यांच्या बाजूने. मी नागरीत उतरवला. खाडाखोड नाही.